दिवेलागणीचं 'बरं'

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सेनगावच्या आमच्या घराच्या ओसरीवर, माडीवरच्या दोन खोल्यांची अनामत म्हणून मी वीस हजार रुपये रोख घेतले. हजर माणसं चार: मी, माझी बायको शोभा, कविता सिस्टर, आणि ज्यांनी पैसे दिले ते सर. नोटा मी दोनदा मोजल्या. सर माझ्या बोटांकडे टक लावून बघत होते.

"दोन्ही वेळा सारख्याच आल्या?" त्यांनी विचारलं.

"आल्या."

"वेगळ्या आल्या असत्या तर कुठली मोजणी खरी धरली असती?"

"तिसऱ्यांदा मोजलं असतं."

"घर पसंत आहे," सर म्हणाले. खोल्या त्यांनी अजून बघितल्याही नव्हत्या.

कविता सिस्टर आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावकडच्या एका तांड्यावरची. हिंगोलीच्या ज्या दवाखान्यात सर ऑपरेशनं करणार होते, तिथं ती नर्स. खोल्या तिनंच शोधल्या होत्या. सर जिना चढून वर गेले तशी ती मला हळूच म्हणाली, "भाऊ, माणूस सोन्यासारखा हाय. पण डोकं खातो. मागून म्हणू नका की सांगितलं न्हाई."

सर मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजात सर्जरीचे प्राध्यापक होते. ती खुर्ची सोडून ते आमच्याकडे आले ते एक योजना घेऊन. ऑपरेशन झालेला पेशंट घरी जाताना त्याच्या मनगटाला एक पट्टा बांधायचा. पट्टा नाडी मोजतो, अंगाची ऊब मोजतो आणि फोनवरून ते आकडे सरांच्या टॅबच्या पडद्यावर जातात. शिवाय रोज एकदा सिस्टर फोन करून तीन प्रश्न विचारते. दुखतंय का, ताप आहे का, जेवण झालं का. पडद्यावर प्रत्येक पेशंटचा एक ठिपका. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे सकाळी चौकशी करा. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता उठा.

हिंगोलीला राहायचं सोडून सेनगावात खोली कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पेशंट जिथं घरी जातो तिथं मला राहायचंय. दवाखान्यात काय होतं ते मला पाठ आहे."

गावात त्यांना 'पट्टेवाले डॉक्टर' म्हणत. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मनगटांवर एकेक पट्टा असायचा. "एकावरच विश्वास ठेवला तर तो खोटं कधी बोलतो ते कळणार कसं?" असं ते म्हणत. दोन पट्ट्यांचे आकडे जुळले नाहीत की त्यांचा चेहरा खुलायचा.

बाजारात कुणी नमस्कार केला की ते त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि सोडायचेच नाहीत. म्हातारी माणसं म्हणायची, "लई मायाळू डॉक्टर." मी रोज बघत होतो म्हणून मला ठाऊक होतं. सर नाडी मोजायचे. चहावाल्याचा हात सोडता सोडता एकदा म्हणाले, "कालच्यापेक्षा जास्त आहे. घरी भांडण झालं?" झालं होतं. चहावाल्यानं त्या दिवसापासून त्यांना लांबूनच नमस्कार करायला सुरुवात केली.

'बरं' हा शब्द त्यांना चालत नसे. शोभा पहिल्या आठवड्यात म्हणाली, "सर, झोप बरी झाली का?" जिन्यावरून उत्तर आलं, "बरी म्हणजे किती?" शोभा मला म्हणाली, "अवो, ह्यांला सांगा की. बरी म्हंजे बरी. बऱ्याला का माप असतंय?" दुसऱ्या दिवशी चहाचा कप परत देताना सर म्हणाले, "ताई, चहा बरा झालाय." शोभानं संधी सोडली नाही. "बरा म्हंजे किती?"

"कालच्यापेक्षा अर्धा चमचा साखर जास्त."

अर्धा चमचा जास्तच होती.

अशा माणसाचं सगळीकडे जमतं असं नाही. आमच्या शेजारचे आबा वारले तेव्हा सर माझ्याबरोबर भेटायला आले. सगळे खाली मान घालून बसलेले. सरांनी आबांच्या मुलाला विचारलं, "शेवटच्या दिवशी पाणी किती प्यायले?" पोरगा ताडकन उठला. त्याच्या मुठी वळल्या. मी सरांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं आणि जरा आवाज चढवूनच बोललो. सर म्हणाले, "आज नाही विचारलं तर ते कुणालाच कधी कळणार नाही." मला त्यांचा राग आला होता. तेराव्यानंतर मात्र तो पोरगा आपण होऊन माडीवर गेला आणि बराच वेळ बसून आला. काय बोलला ते सरांनी मला कधी सांगितलं नाही.

मी बाजार समितीच्या आवाराजवळ वजनकाट्यावर असतो. सुटीच्या दिवशी सर येऊन माझ्या केबिनमध्ये बसायचे. भरलेली ट्रॉली आधी काट्यावर येते, माल उतरला की रिकामी येते. दोन्हींतला फरक म्हणजे माल. एवढं साधं काम. पण काही ड्रायव्हर भरल्या वजनाला सीटवर बसून राहतात आणि रिकाम्या वजनाला तंबाखू थुंकायच्या निमित्तानं खाली उतरतात. म्हणजे त्यांच्या अंगाचं वजन सोयाबीनच्या भावानं विकलं जातं. म्हणून मी काच सरकवून आधी ओरडतो, "ड्रायव्हर उतरला का?"

हे ऐकून सर आधी खूप हसले. मग एकदम गंभीर झाले.

"आमचं काय आहे माहीत आहे का, काटेवाले? आम्ही एकदाच वजन करतो. पेशंट आला, मोजला, कापला, टाके घातले, गेट उघडलं. दुसरं वजन नाहीच."

त्याच दिवशी त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. पूर्वी त्यांनी एका तरुण पेशंटला स्वतः घरी सोडलं होतं. कितीतरी महिन्यांनी त्याचा भाऊ कसल्याशा दाखल्यावर सही मागायला आला, तेव्हा कळलं की तो घरी गेला त्याच आठवड्यात मेला. घरी सोडतानाच्या कागदावर शेवटची ओळ सरांच्या अक्षरात होती. प्रकृती समाधानकारक. "तेव्हापासून मला चांगल्या शब्दांची भीती वाटते," सर म्हणाले.

'ड्रायव्हर उतरला का' हे मात्र त्यांनी उचललं. कविता सिस्टर फोनवरून आकडे सांगायला लागली की ते विचारायचे, "ड्रायव्हर कोण?" म्हणजे पट्टा कुणाच्या हातात आहे, उत्तर कोण देतंय. एका म्हाताऱ्याची नाडी अचानक पैलवानासारखी झाली तेव्हा ह्याच प्रश्नातून कळलं की नातवाला पट्टा आवडला म्हणून तो घालून फिरत होता.

आता दोन नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

पहिला नियम फोनच्या वेळेचा. सुरुवातीला सिस्टर सकाळी फोन करायची. कुणी उचलत नसे. माणसं रानात. दुपारी फोन कुणाच्या तरी घरी चार्जिंगला. सरांनी दोन-तीन महिने सगळ्या वेळा करून बघितल्या आणि एके दिवशी काट्यावर लहान मुलासारखे धावत आले. "सापडली! दिवेलागण! दिवे लागताना घरातलं प्रत्येक माणूस घरात असतं. सगळ्यात जास्त फोन तेव्हाच उचलले जातात." मी म्हणालो, बराबर आहे. कविता सिस्टरही म्हणाली, बराबर आहे. त्या दिवसापासून सगळ्यांना दिवेलागणीलाच फोन जायला लागले.

दुसरा नियम असा, की पेशंट काय म्हणतो त्याला सगळ्यात जास्त वजन. पट्ट्यानं कितीही ओरडा केला आणि पेशंट म्हणाला बरं आहे, तर ठिपका लाल होणार नाही, पिवळाच राहील. ह्यावरून त्यांच्या विद्यार्थ्यांचं आणि त्यांचं वाजायचं. रोज रात्री ते व्हिडिओवर शिकवत, आणि आमचं छत पातळ असल्यामुळे आम्हाला ते ऐकू यायचं. एक मुलगी ठासून म्हणायची, "सर, नाडीला जास्त वजन द्या." सर म्हणायचे, "नाडीला तोंड नाही. पेशंटला आहे. आयुष्यभर आम्ही पेशंटचं ऐकलं नाही. आता ऐकायचं."

तुरीची खळी चालू झाली आणि शोभाच्या पोटातल्या खड्यांनी उचल खाल्ली. पित्ताशय काढणं भाग होतं. सरांनीच हिंगोलीला दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. सगळं सरळ झालं. तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. पण तुरीचा हंगाम, मी दिवसभर काट्यावर, आणि स्वतःच्या घरात शोभा काही पडून राहणारी नव्हे. म्हणून मी तिला पुसेगावला तिच्या आईकडे नेऊन ठेवलं. मनगटावर पट्टा होताच. तो बघून सासूबाई म्हणाल्या, "ही बेडी काहून घातली माझ्या लेकराला?"

दोन संध्याकाळी ठिपका हिरवा होता.

तिसऱ्या संध्याकाळी मी काट्यावरून येऊन पाय धूत होतो. सर जिन्यावरून खाली आले. ते नेहमी कठड्याला धरून सावकाश उतरायचे. त्या दिवशी धडधड उतरले.

"ताईंशी शेवटचं कधी बोललात?"

"सकाळी. बरं हाय म्हणली."

'बरं म्हणजे किती' असं त्यांनी विचारलं नाही. मी पाय धुवायचे तसेच सोडले.

त्यांनी हातातला टॅब माझ्यासमोर धरला. शोभाचा ठिपका पिवळा होता. नाडीची रेघ दुपारपासून जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेली होती. खाली आत्ताच झालेल्या फोनची उत्तरं होती. दुखणं, नाही. ताप, नाही. जेवण, झालं.

सरांनी कविता सिस्टरला फोन लावला. "ड्रायव्हर कोण होतं?"

"आधी त्यांची आई बोलली सर. मग ताई सोता बोलल्या. दोघी म्हणाल्या, समदं बरं हाय."

"आता तुम्ही लावा," सर मला म्हणाले. "आवाज मोठा ठेवा. आणि त्यांना बोलतं ठेवा."

मी लावला. "कसं हाय?" "बरं हाय," शोभा म्हणाली. मी तुरीचं विचारलं, म्हशीचं विचारलं, दूध किती देते ते विचारलं. ती दोन शब्द बोलायची आणि थांबायची. दोन शब्द, आणि थांबायची. सर घड्याळाकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते तिचे श्वास मोजत होते. फोन ठेवला तसे म्हणाले, "चपला घाला."

"पण सर, ती सोता म्हणतीय बरं हाय. तुमचाच नियम हाय ना, पेशंटचं आधी?"

"नियम माझाच आहे. पण ह्या 'बरं'मध्ये कुणीतरी बसलंय. कोण ते जाऊन बघू."

पुसेगावच्या रस्त्यावर सर स्वतः गाडी चालवत होते. तुरीच्या ट्रॉल्या मागचा दिवा न लावता चालल्या होत्या. एकदा अगदी जवळ जाऊन ब्रेक लागला, माझं डोकं समोर आदळलं. सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. एका हातानं फोन धरून ते दवाखान्यात ऑपरेशनची तयारी करायला सांगत होते. ते ऐकून मी सीटची कड घट्ट धरली. मग फोन ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या सासूबाई खोटं बोलतात?"

"न्हाई. लई कडक बाई हाय. दुधात पाणी घातलं म्हणून सख्ख्या भावाशी बोलत न्हाई."

"आणि ताई?"

"तिनं माझ्याशी खोटं बोललेलं मला तरी आठवत न्हाई."

"पट्टाही खरा आहे, दोनदा तपासलाय. तिघंही खरं बोलतात आणि तिघांचं जमत नाही." गाडीचा वेग त्यांनी आणखी वाढवला.

आम्ही पोचलो तेव्हा देवापुढचा दिवा अजून तेवत होता. दुसरा तुळशीपाशी होता. सासूबाई उंबऱ्यातच होत्या. "या जावईबापू. डॉक्टरसाहेब, या. हातपाय धुवा, च्या ठेवते." आतल्या खोलीत बाजेवर शोभा उशांना टेकून बसलेली. आडवं होता येत नव्हतं. खोलीभर कडू तेलाचा वास.

"खांद्यात उसण भरली तिच्या," सासूबाई म्हणाल्या. "उजव्या. म्हणून चोळून दिला."

खांदा म्हटल्याबरोबर सरांचे हात जागच्या जागी थांबले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते थांबलेले दिसले.

"ताई, दुखतंय का?"

शोभाच्या आधी सासूबाईच पुढं झाल्या. "अवो डॉक्टरसाहेब! दिवा लागलाय घरात. ह्या येळेला तसलं नाव घेऊ ने. वास्तू तथास्तु म्हणती."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे?"

"दिवेलागणीला घरात वाईट बोलत नाहीत, सर," मी म्हणालो. "दुखतंय, न्हाई, संपलं, असं काहीच म्हणायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते आणि मग ते खरं होतं. कुणी काहीही विचारलं तरी बरंच म्हणायचं."

मी सांगत होतो आणि सांगता सांगता माझं मलाच ऐकू येत होतं. माझ्या आईनं मला हेच शिकवलं होतं, कविता सिस्टरला तांड्यावर तिच्या आईनं हेच शिकवलं असणार. ती वेळ सरांनी आम्हाला विचारून ठरवली होती आणि आम्ही दोघांनीही 'बराबर आहे' म्हटलं होतं.

"रोज," सर म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "रोज ह्याच वेळेला. सगळ्यांना."

मला वाटलं आता सासूबाईंवर ओरडतील. ते खाली बसले. चांगली इस्त्रीची पँट, शेणानं सारवलेली जमीन, मांडी घालून बाजेशेजारी बसले.

"ताई, तोंडानं काही म्हणू नका. वास्तूला काही ऐकू जायला नको. फक्त हात वर करा. जेवढं दुखतंय तेवढी बोटं. दुखतच नसेल तर मूठ."

शोभानं आईकडे बघितलं. सासूबाईंनी दिव्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बोटाला का तोंड असतंय? दाखव."

शोभानं उजवा हात उचलला. खांद्यामुळे तो अर्ध्यावरच थांबला. पाच बोटं. मग तिनं डावा हात उचलला, ज्याला पट्टा होता तो. त्याचीही पाच. दोन्ही पंजे तिनं तसेच धरून ठेवले, जणू एखादं बोट कमी मोजलं जाईल. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. आवाज मात्र काढला नाही.

गाडीत शोभा सासूबाईंच्या अंगावर टेकून बसली होती. हिंगोलीपर्यंत त्या एकच वाक्य म्हणत होत्या. "बरं हाय, माझ्या लेकराला बरं हाय." सरांनी त्या शब्दाला एकदाही हरकत घेतली नाही.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात सरांनी मला बाजूला घेतलं. "पित्त गळतंय. पोटात साचलंय, त्याचीच कळ खांद्यात जातेय. पित्ताची नळी बंद करायला मी लावलेली एक क्लिप सुटली असणार. चूक असेल तर ती माझ्या हातची आहे, ताईंची किंवा त्यांच्या आईची नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो."

"किती टक्के?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार? आल्यापासून त्यांनी मला प्रत्येक गोष्टीचा आकडाच दिला होता. पाऊस, साखर, माझी स्वतःची नाडीसुद्धा.

"आज आकडा मागू नका."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं, मोजताहेत. पण त्यांची बोटं नाडीवर नव्हतीच. हात सोडून ते आत गेले.

बाहेर बाकावर मी आणि सासूबाई. समोर जमिनीवर कविता सिस्टर फोन घेऊन बसलेली. आत जाता जाता सरांनी तिला सांगितलं होतं, आजचे सगळे हिरवे ठिपके पुन्हा विचारा. ती एकेकाला फोन लावत होती. "मावशे, बोलू नको. तोंडानं काई बोलू नको. फोनवर टिचक्या मार. जितकं दुखतंय तितक्या." मग ती फोन कानाला लावून थांबायची. कुठून तरी टक, टक असा आवाज यायचा, आणि ती पुढचा नंबर फिरवायची. बहुतेक जण एक-दोन टिचक्यांवर थांबत होते. सेनगाव तालुक्यातलंच एक म्हातारं मात्र मारतच राहिलं. सिस्टर मोजत होती, मग तिनं मोजणं सोडलं. "आज्जा, पुरं. आज्जा, कळलं मला." तिनं डोळे पुसले आणि त्या गावाला गाडी पाठवायला सांगितली. त्याच्या टाक्यांत पू झालेला होता. सकाळपर्यंत तोही दवाखान्यात आला.

सर बाहेर आले तेव्हा टोपीचा वळ कपाळावर उमटला होता. ते बाकावर आमच्यामध्ये बसले. "क्लिपच होती. बांधलं. पोट धुतलं. एक नळी बाहेर ठेवलीय."

"बरी होईल ना?" माझ्या तोंडून तोच शब्द गेला.

"तीन दिवसांनी विचारा. आज कुठलाही शब्द बोललो तरी तो खरा नसेल."

ते तीन दिवस मी काट्यावर गेलो नाही. शोभाच्या पोटातल्या नळीला एक पिशवी होती, तिच्यात हिरवट पाणी जमायचं. ते मोजायचं काम नर्सचं. पण रोज सकाळी सर स्वतः येऊन, पिशवी उजेडाकडे धरून, डोळ्यांच्या रेषेत आणून मोजायचे. मग नर्सकडून पुन्हा मोजून घ्यायचे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो, त्यावर काही दिसायचं नाही. चौथ्या सकाळी सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांना म्हणाले, "उतरतंय." भर सकाळ होती, तेव्हा त्या मोठ्यांदा रडल्या.

पुढं दोन्ही नियम बदलले. दिवेलागणीचा फोन तोच राहिला, पण बोलायचं बंद. टिचक्या मारायच्या. काही गावांत बायकांनी त्याला 'टकटक डॉक्टर' नाव दिलं. आणि पडद्यावर प्रत्येक उत्तराशेजारी एक नवा रकाना आला: दिवा लागलेला होता का. असला तर तोंडच्या 'बरं'ला वजन नाही.

छतातून विद्यार्थ्यांचा आवाज आम्हाला ऐकू यायचाच. ती ठासून बोलणारी मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, मी म्हणत होते तेच. नाडीला जास्त वजन द्यायला हवं होतं."

"नाही," सर म्हणाले. "पेशंटचं ऐकायचंच. मी ऐकलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं."

डॉक्टरांच्या एका मोठ्या सभेत त्यांनी हे सगळं मांडलं. पडद्यावर समईचं चित्र दाखवलं म्हणे. परत आल्यावर शोभानं विचारलं, "लोकांनी काय केलं?" सर म्हणाले, "हसले." शोभा म्हणाली, "हसले म्हंजे किती?" त्यावर मात्र सर स्वतःच खूप हसले.

पुढच्या दिवाळीत त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात हीच योजना उभी करायला बोलावलं. सामान गाडीत भरून झालं. भाऊबीज होती. संध्याकाळी, त्याच ओसरीवर, मी अनामत परत केली. हजर माणसं पाच. आधीची चार आणि सासूबाई. घरभाडं, लाइट बिल, सगळं चुकतं होतं. वीस हजार मी दोनदा मोजले, रबर लावलं आणि त्यांच्या हातात दिले.

"दोन्ही वेळा सारखे आले?"

"आले."

शोभानं ताट आणलं आणि त्यांना ओवाळलं. दिवा तेवत होता. सरांनी विचारलं, "ताई, कसं आहे?" आणि विचारल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं, त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी डोळे वटारले होते.

शोभानं ताट स्टुलावर ठेवलं. उजवा हात खांद्याच्या वर, डोक्याच्याही वर, सरळ उचलला. मग पाची बोटं आत घेतली.

सर त्या मुठीकडे बघत राहिले. ती त्यांनी दोन्ही हातांत घेतली आणि नेहमीइतका वेळ धरून ठेवली. "पटलं," म्हणाले. मग मी रबर लावलेल्या नोटा तशाच्या तशा ताटात ठेवल्या.

"सर, अवो, ही अनामत..." मी पुढं झालो. हात सवयीनं नोटांकडे गेला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "ओवाळणी मोजू ने, जावईबापू."

अनामत रुपये वीस हजार. मिळाली सरांना. त्यांच्याकडून ओवाळणी म्हणून शोभाला. ती मी मोजलेली नाही.